चिंगीला गाडी लागते, शेरू गाडीला घाबरतो

गणपतीला अजून महिना-सव्वा महिना आहे पण सदराच्या मेलमध्ये या खेपेला जिकडेतिकडे एकच विषय, कुत्र्याला गाडीत घालून गावी न्यायचंय आणि तो ओकतो, थरथरतो, लाळ गाळतो, काय करू. म्हणून गोचीड, केस गळणं, रात्री भुंकणं हे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय, त्या मंडळींनी राग मानू नका. सुरुवात करण्याआधी एकच सांगते. आपण मराठीत 'गाडी लागते' म्हणतो ते वेगळं आणि 'गाडीची धास्ती घेतलीये' ते वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, तीच लाळ, तीच धाप, कधीकधी तीच उलटी, पण एकाचा उगम कानात आणि दुसऱ्याचा आठवणीत. उपाय चुकतात ते हे दोन्ही एकच समजल्यामुळे.

प्रश्न: आमची चिंगी, बीगल, ७ महिन्यांची. चिंचवडहून गुहागरला सासरी दोनदा नेली. उंब्रजपर्यंत छान असते, पाटण आलं की जांभया द्यायला लागते, सारखे ओठ चाटते, मग लाळेच्या तारा आणि कुंभार्ली घाटात उलटी ठरलेली. मागच्या वेळी माझ्या साडीवरच. सासूबाई म्हणतात लिंबू हुंगायला द्या आणि अर्धी ॲव्होमिन द्या, आम्हाला एसटीत तेच द्यायचे. देऊ का? वाटेत भूक लागू नये म्हणून मी निघताना तिला पोटभर जेवू घालते, ते तरी बरोबर आहे ना? — एक वाचक, चिंचवड

उत्तर: ताई, ते तर अजिबातच बरोबर नाहीये 😄 पण आधी तुमचं कौतुक, कारण जांभया आणि ओठ चाटणं तुमच्या लक्षात आलं. बहुतेक लोक मला थेट उलटीपासून सांगायला सुरुवात करतात. कुत्र्याला मळमळायला लागलं की तो पहिल्यांदा हेच करतो, जांभई, ओठ चाटणं, घोट गिळल्यासारखं करणं, मग लाळ, मग अस्वस्थ होऊन उठबस आणि शेवटी उलटी. म्हणजे पाटणला ती तुम्हाला सांगत असते आणि तुम्ही घाटात थांबता.

चिंगीला गाडी लागते, सरळ सरळ. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, त्यात द्रव भरलेल्या बारीक नळ्या असतात. गाडी वळली की तो द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते की आपण हललो. डोळ्यांना मात्र समोरच्या सीटची पाठ दिसत असते आणि ती तर जागची हललेली नाही. कान एक सांगतायत, डोळे भलतंच, आणि या भांडणात पोट ढवळून निघतं. पिल्लांमध्ये ही कानातली यंत्रणा पूर्ण तयार झालेली नसते म्हणून त्यांना जास्त त्रास होतो, लहान मुलांचं असतं तसंच. वर्षाचं होईपर्यंत बऱ्याच कुत्र्यांचं हे आपोआप कमी होतं, पण अट अशी की मधल्या काळात प्रत्येक प्रवास ओकण्यात जायला नको, नाहीतर कान सुधारतात आणि मनात गाडी म्हणजे त्रास हे पक्कं बसतं, मग ती दुसऱ्या गटात जाते, जो आवरायला दसपट अवघड.

आता जेवण. निघण्याच्या आधी ३-४ तास खायला द्यायचं नाही. पाणी द्यायचं, थोडं थोडं. पहाटे ५ ला निघणार असाल तर रात्रीचं जेवण तेवढं वेळेवर आणि हलकं, सकाळी काही नाही. बीगल आहे, तुमच्याकडे असं बघेल की तुम्हाला वाटेल आपण पापी आहोत, बघू दे. गुहागरला पोचून तासाभराने जेवेल. फक्त अगदी छोटं पिल्लू असेल किंवा चिवावासारखी एवढीशी जात असेल किंवा कुत्र्याला डायबेटिस असेल तर उपाशी ठेवायचं नाही, त्यांची साखर पटकन उतरते, त्यांच्याबाबतीत डॉक्टरांना विचारूनच.

लिंबाचं म्हणाल तर सासूबाईंचा उपाय माणसाला चालतो, कुत्र्याला उलटा पडतो. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पट तिखट, आणि बऱ्याच कुत्र्यांना लिंबूवर्गीय वास मुळीच सोसत नाही. मळमळत असताना नाकाशी लिंबू धरणं म्हणजे आपल्याला ओकारी येत असताना कुणीतरी तोंडावर अत्तर फवारल्यासारखं. आणि आपल्या गाड्यांमध्ये आधीच काय कमी वास असतात, डॅशबोर्डवर ती जेलची डबी, आरशाला गजरा, सकाळी लावलेली उदबत्ती, डिकीत पिकलेली केळी आणि गणपतीचं सामान. त्या दिवशी डबी काढून ठेवा, गजरा केसात माळा, केळी घट्ट डब्यात. खिडकी दोन बोटं उघडी, हवा खेळती राहिली की निम्मा त्रास तिथेच कमी होतो, एसी लावला तरी थंडगार नको.

ॲव्होमिन नको. माणसाच्या गोळीचे पाव-अर्धे तुकडे अंदाजाने करून द्यायचे नाहीत, कुत्र्याचं वजन, लिव्हर, बाकी औषधं सगळं बघावं लागतं. तसंच घरात पडलेलं मुलांचं उलटीचं सिरपही नको, ओंडनसेट्रॉन म्हणून जे असतं ते पोट बिघडून होणाऱ्या उलटीवर ठीक, गाडी लागण्याचा रस्ता वेगळा असतो, तिथे त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, अमेरिकेत २००७ साली त्याला कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली, मेंदूतलं उलटीचं जे केंद्र आहे तिथेच ते अडवतं आणि गुंगी आणत नाही. निघण्याच्या साधारण दोन तास आधी द्यावं लागतं, गाडीत बसल्यावर देऊन काही फायदा नाही. आणि एक गंमत, गाडी लागण्यासाठी त्याचा डोस साध्या उलटीच्या डोसापेक्षा चौपट असतो, त्यामुळे मागच्या आजारपणातली उरलेली गोळी देऊन 'डॉक्टर, काही फरक पडला नाही' असं म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात. तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन चिंगीचं वजन करून घ्या आणि लिहून घ्या, ७ महिन्यांच्या पिल्लाला चालतं.

आलेपाक देऊ का असंही काही जणांनी विचारलंय, वडीत आल्यापेक्षा साखरच जास्त असते हो, नको. आणि शुगरफ्री च्युइंगम कुत्र्याच्या जवळपाससुद्धा नको, त्यात झायलिटॉल असू शकतं, तेवढ्याने कुत्र्याची साखर धाडकन खाली येते आणि लिव्हरला मार बसतो. गाडीतल्या खाऊत मनुका, चॉकलेट आणि कांदाभजी हेही त्याच यादीत. लोणावळ्याहून चॉकलेट फज घेऊन मागच्या सीटवर ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

राहता राहिलं बसवणं. मागच्या सीटवर मधोमध, तोंड पुढे, अंगात हार्नेस (छातीभोवती घालायचा पट्टा) आणि तो बेल्टला अडकवलेला. पट्टा गळ्यातल्या कॉलरला अडकवू नका, ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. बाजूच्या खिडकीतून झाडं सरासर मागे पळताना दिसली की मळमळ वाढते, समोरचा रस्ता दिसला की कमी होते. क्रेटची, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्याची, सवय असेल तर क्रेट आणि त्यावर तीन बाजूंनी चादर, कारण काहींना काहीच न दिसलेलं बरं पडतं. दोन्ही करून बघा. आणि शेवटचा प्रश्न माझा तुम्हाला, घाटात गाडी कोण चालवतं? यजमान असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं वळणावर ब्रेक, वळण संपलं की रेस, परत ब्रेक, हे बंद करा, मग चिंगीच काय तुमचीसुद्धा मळमळ थांबेल. पाटणला अर्धा तास थांबा, खाली उतरवा, चालवा, मग घाट.

प्रश्न: आमचा टायगर (नावच टायगर, आहे पॉमेरेनियन) रिक्षात मस्त बसतो, डोंबिवलीत सगळीकडे रिक्षाने फिरतो, कधी काही नाही. पण भावाच्या गाडीत बसवला की २० मिनिटांत उलटी. गाडी नवीन आहे, भाऊ चिडतो. हा नाटक करतो का?

उत्तर: नाटक करून उलटी काढणारा कुत्रा मी अजून पाहिला नाही. उलट टायगरने तुम्हाला अर्धं उत्तर देऊन ठेवलंय. रिक्षात वारा येतो, समोर रस्ता दिसतो, प्रवास दहा मिनिटांचा आणि तो बहुतेक तुमच्या मांडीवर. नव्या गाडीत काचा बंद, एसी, सीटच्या प्लास्टिकचा नवा कोरा वास, त्यावर भावाने हौसेने लावलेलं परफ्यूम, आणि एवढासा कुत्रा खाली सीटवर बसला की त्याला दरवाजाच दिसणार, रस्ता नाही. तर गाडीची रिक्षा करा. काचा थोड्या खाली, परफ्यूम बंद, उंच बूस्टर सीट मिळते छोट्या कुत्र्यांसाठी त्यात बसवा म्हणजे समोरचं दिसेल, हार्नेस अडकवलेला, मांडीवर नाही. पहिल्या चार-पाच फेऱ्या रिक्षाएवढ्याच, दहा मिनिटं. भावाला सांगा सीटवर जुनी चादर टाक आणि चिडू नकोस.

प्रश्न: शेरू आमच्या सोसायटीतला, आता आमचा. अंदाजे ३ वर्षांचा, गावठी, कानाला तो नसबंदीचा कट आहे. घरात सोन्यासारखा. पण गाडी म्हटलं की पार्किंगमध्येच शेपूट पायात, थरथर, जमिनीला चिकटून बसतो, उचलून आत ठेवला तर धापा टाकतो, लाळ, एकदा सीटवरच शू केली. गाडी सुरूही झालेली नसते. २ महिन्यांनी आम्हाला नाशिकहून नागपूरला शिफ्ट व्हायचंय. शेजारचे काका म्हणतात गुंगीची गोळी देऊन टाका, झोपून येईल. दुसरे म्हणतात घाबरला की जवळ घेऊ नका, लाडावेल. — नाशिक

उत्तर: दादा, गाडी सुरू व्हायच्या आधीच हे सगळं होतंय म्हणजे कानातल्या नळ्यांचा संबंधच नाही, अजून काही हललेलंच नाही. ही भीती आहे. आणि कानाचा तो कट बघा, तो कट म्हणजे शेरूला एक दिवस जाळ्यात पकडून गाडीत घातलं होतं, ऑपरेशन झालं, आणि मग परत त्याच जागी आणून सोडलं, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे पण आणि त्याआधी पण पद्धत तीच आहे, जिथून उचलला तिथेच सोडायचा. चांगलंच काम आहे ते, पण शेरूच्या हिशोबात गाडी म्हणजे काय? आयुष्यात एकदाच बसला आणि शुद्धीवर आला तेव्हा अंग दुखत होतं. त्यानंतर कदाचित तुम्ही नेलं असेल ते इंजेक्शनला. आपण असतो तर आपणही बसलो नसतो.

लाडावण्याचं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. भीती ही लाडाने वाढत नाही, तुम्हाला वीज कडाडल्यावर कुणी पाठीवर हात ठेवला तर तुम्ही पुढच्या वेळी मुद्दाम घाबरता का? जवळ घ्या, हळू आवाजात बोला, फक्त स्वतः घाबरू नका आणि ओढून-ढकलून आत घालू नका. ओढून घातलेला प्रत्येक प्रयत्न म्हणजे दोन आठवडे मागे.

२ महिने आहेत तुमच्याकडे, पुरेसे आहेत, पण आजपासून. पहिले काही दिवस गाडी हलवायचीच नाही. सगळे दरवाजे उघडे, इंजिन बंद, आणि शेरूचं संध्याकाळचं जेवण गाडीपासून जिथे तो शांत असतो तिथे, मग ते १० फूट लांब असेल तर १० फूट. रोज थोडं जवळ. मग दाराशी, मग पुढचे पाय आत ठेवले तर उकडलेलं चिकन, मग पूर्ण आत आणि लगेच बाहेर यायची मुभा. इथे एक परीक्षा सांगते जी मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडलीये. चिकन खातोय का बघा. खातोय म्हणजे भीती आटोक्यात आहे, पुढे जा. एरवी जीव टाकतो त्या चिकनकडे ढुंकूनही बघत नाहीये म्हणजे तुम्ही त्याच्या सहनशक्तीच्या पलीकडे गेलात, एक पायरी मागे या. तो आपणहून आत उडी मारायला लागला की दार बंद, १० सेकंद, उघडा. मग इंजिन सुरू पण गाडी जागेवर. मग गेटपर्यंत. मग सोसायटीला एक चक्कर. मग असं ठिकाण जिथे त्याला मजा येते, मोकळं मैदान, गोदाकाठ, तुमच्या मित्राचं शेत, काही असो, फक्त दवाखाना नको. बऱ्याच कुत्र्यांचं दुखणंच हे असतं की गाडी फक्त डॉक्टरकडे जाते, आणि हे मी डॉक्टर असून सांगते! एकेक वेळ ५ मिनिटांच्या वर नको, दिवसातून एकदा-दोनदा, आणि चांगलं चाललेलं असतानाच थांबायचं, आपल्याला नेमकं तेव्हाच 'अजून एकदा' करायचा मोह होतो.

गुंगीच्या गोळीबद्दल जरा सविस्तर, कारण हा सल्ला सर्रास मिळतो. पूर्वी प्रवासासाठी ॲसेप्रोमॅझिन द्यायचे, अजूनही काही ठिकाणी देतात. त्याने कुत्रा लोळागोळा होतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं किती शांत झोपलाय, पण आतली भीती तशीच असते, फक्त त्याला हलता येत नाही. वर रक्तदाब उतरतो आणि अंगाचं तापमान सांभाळणं जमत नाही, नागपूरच्या उन्हात ते महागात पडेल. पग, बुलडॉग, शिहत्झू असल्या चपट्या नाकाच्यांना तर आणखी धोका. आता ट्रॅझोडोन, गॅबापेंटिनसारखी औषधं आहेत जी चिंता कमी करतात, शेरूसारख्याला लांबच्या प्रवासाला लागू शकतात आणि त्यात कमीपणा काही नाही, पण डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेली, आणि पहिला डोस शिफ्टिंगच्या दिवशी नाही. आधी एखाद्या रविवारी घरी देऊन बघायचा, एखादा कुत्रा शांत व्हायच्या ऐवजी उलटा चिडचिडा होतो, ते घरी कळलेलं बरं की समृद्धीवर? गाडीत त्याची रोजची मळकी चादर ठेवा, धुतलेली नको, वास हवा. नाशिक-नागपूर एका दमात करू नका, दर दोन तासांनी उतरवा, आणि उतरवताना दार उघडायच्या आधी पट्टा हातात धरा, घाबरलेला कुत्रा हायवेवर सुटला की पुढचं मला लिहवत नाही.

प्रश्न: कोल्हापूर. आमचा लॅब्रॅडॉर राजा, ११ वर्षांचा, आयुष्यभर गाडीचा वेडा, चावीचा आवाज आला की पहिला दारात. गेले तीन-चार महिने गाडीजवळ येऊन उभा राहतो आणि चढतच नाही. चढवला तर कण्हतो, एकदा उलटीही झाली. एवढ्या वर्षांनी गाडीची भीती कशी बसली?

उत्तर: काका, भीती बसली नसावी. म्हातारा कुत्रा आवडीची गोष्ट अचानक सोडतो तेव्हा मला आधी दुखण्याचा संशय येतो. गाडीजवळ येतो म्हणताय, म्हणजे मन आहे, शरीर साथ देत नाहीये. लॅबच्या खुब्याचं आणि कोपराचं दुखणं या वयात फार कॉमन, उडी मारताना मागच्या पायांवर सगळा भार येतो आणि उतरताना पुढच्यांवर. घरी बघा, उठताना वेळ लावतो का, जिन्यात थांबतो का, फरशीवर घसरतो का. एक्स-रे काढून घ्या. तोवर प्लायवूडची फळी, त्यावर जुनं पायपुसणं खिळ्यांनी ठोकून, झाला रॅम्प, उतार जितका कमी तितकं चांगलं. सीटवर जाड गादी. आणि घरातली आयबुप्रोफेनवाली अंगदुखीची गोळी प्रेमापोटीसुद्धा देऊ नका, पोटात अल्सर होतात, किडनी जाते, असे राजे मी सलाइनवर बघितलेत.

दुसरं, कान. लॅबचे लोंबते कान, त्यात पाण्यात डुंबायची हौस, पावसाळ्यात आतून इन्फेक्शन होतं आणि ते खोलवर गेलं की तोल बिघडतो, मग म्हातारपणी गाडी लागायला लागते. कानाला वास येतोय का, सारखं डोकं झटकतो का बघा. डोकं एका बाजूला कललेलं दिसलं, चालताना भेलकांडला किंवा बुबुळं आपोआप इकडून तिकडे नाचताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. घाबरू नका मात्र, म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये तोल जाण्याचा एक प्रकार असा आहे की लोकांना अर्धांगवायू वाटतो आणि काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत गडी बराच सावरतो.

प्रश्न: हायवेवर जेवायला थांबलो की कुत्र्याला गाडीतच ठेवतो, काच दोन इंच उघडी ठेवून, दहा-पंधरा मिनिटंच. सावलीत लावतो. चालतं ना?

उत्तर: नाही.

एवढंच लिहून थांबणार होते पण आकडे सांगते म्हणजे वाद नको. बाहेर २४ अंश असताना, म्हणजे आपल्याकडे ज्याला छान हवा म्हणतात, बंद गाडीत १० मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ च्या आसपास होतं. काच थोडी उघडी ठेवून यात नावापुरताच फरक पडतो. एप्रिलमध्ये बाहेरच ३८ असताना काय होईल त्याचा हिशोब तुम्हीच करा. सावली सरकते, जेवण कधी १५ मिनिटांत येत नाही, बिल तर त्याहून नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो, आणि गरम हवेत धापा टाकून काय होणार. त्याचं अंग एरवी ३८-३९ अंशांना असतं, ४१ च्या वर गेलं की उष्माघात, आतले अवयव जायला लागतात. असा कुत्रा कुठे दिसला, जीभ गर्द लाल, भेलकांडतोय, घट्ट लाळ, तर आधी सावली, अंगावर नळाचं साधं पाणी भरपूर, वारा घाला आणि मग दवाखाना, नुसता गाडीत टाकून पळत सुटू नका, गार करणं आधी. जेवायला पाळीपाळीने जा किंवा पार्सल घ्या. काही ढाब्यांवर बाहेरच्या टेबलाशी बसू देतात, विचारायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. इथे सगळे कुत्र्याला बेल्ट लावा म्हणून मागे लागतात. पुण्यात तर आमचा आधीचा कुत्रा ड्रायव्हरच्या मांडीवर बसायचा, खिडकीतून डोकं बाहेर, किती खूश असायचा. एवढं गरजेचं आहे का?

उत्तर: तिथे तर आहेच, ब्रिटनच्या हायवे कोडचा ५७ वा नियम वाचा, कुत्रा नीट अडकवलेला किंवा क्रेटमध्ये किंवा जाळीमागे हवा. पण नियम राहू द्या. मांडीवर बसलेला कुत्रा आणि स्टिअरिंगमधली एअरबॅग यांची गाठ पडू नये एवढं पुरे. डोकं बाहेर काढल्यावर खूश दिसतो खरा, फोटोही मस्त येतात, पण डोळ्यात खडा, धूळ, किडा जातो आणि मग बुबुळाला जखम घेऊन आमच्याकडे येतो. पॉवर विंडोचं बटण त्याच्याच पायाने दाबलं जातं हेही लक्षात असू द्या, मागचं लॉक लावत चला. आणि अडकवलेला कुत्रा वळणावर इकडून तिकडे घरंगळत नाही, त्यामुळे घाबरतही कमी आणि ओकतही कमी.

प्रश्न: उलटीचा वास गाडीतून जातच नाही! फिनेल, परफ्यूम, कापूर सगळं झालं. आणि आता तर कुत्री आत बसली की लगेच तोंड पाडते. — चिपळूण

उत्तर: तुम्हाला फिनेलचा वास येतोय, तिला अजूनही खालची उलटीच येतेय, वर फिनेल. गाडीत वास शिल्लक असणं हेच पुढच्या उलटीचं एक कारण होऊन बसतं म्हणून हे काम मनापासून करा. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्या, घासू नका, घासलं की फोममध्ये उतरतं. मग गार पाण्याने पुसून वर खायचा सोडा जाड थराने पसरा, रात्रभर राहू द्या, सकाळी व्हॅक्यूम. पेट शॉपमध्ये एन्झाइमवाला क्लीनर मिळतो, तो घाण वरवर झाकत नाही तर मोडतो, तो मारा आणि आपोआप सुकू द्या, दारं उघडी ठेवून, उन्हात. पावसाळ्यात चिपळूणला ऊन कुठून आणायचं म्हणाल, तर गॅरेजमध्ये पंखा लावा. आमच्या ढब्बूने वरंधा घाटात उद्योग केला होता तेव्हा मी सगळं धुतलं, सोडा, ऊन, दोनदा व्हॅक्यूम, तरी वास आपला आहेच, आठवडाभराने कळलं की सीटबेल्टच्या बकलच्या खाचेत थोडं वाळून बसलं होतं. जुना टूथब्रश घ्या आणि तिथे आधी बघा, मग सीटच्या मधल्या फटीत.